शर्करेचा अडसर आणि वैद्याचा विवेक

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. पैठणकडील एक निवृत्त शिक्षक गुडघ्यांच्या संधिगतवातासाठी आमच्याकडे उपचार घेत होते. एके दिवशी त्यांनी पिशवीतून एक चकचकीत खोका काढून आमच्यापुढे ठेवला. सागरी शेवाळाचा अर्क आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेट यांच्या कॅप्सूल त्यात होत्या. शहरातीलच एका दुकानातून त्यांनी त्या घेतल्या होत्या. सोबतच्या पत्रकावर, ही नैसर्गिक शर्करा पेशींवरील शोथाचे ग्राही रोखते, असे ठळक अक्षरांत छापलेले होते. ‘डॉक्टरसाहेब, तुमच्या औषधाबरोबर हे चालेल का?’ असे त्यांनी विचारले. नैसर्गिक वस्तू आहे, शर्कराच तर आहे, अशा समजुतीने आम्ही ‘हरकत नाही’ म्हणून मोकळे झालो.

तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा दंडांवर काळेनिळे डाग उमटले होते आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होते. हृदयाची झडप बदलल्यामुळे ते अनेक वर्षे वॉर्फरिन घेत होते. ती नोंद आमच्याच केसपेपरवर, आमच्याच हस्ताक्षरात होती. होकार देताना आम्ही ते पान उलटून पाहिले नव्हते. रक्ततपासणीत आय.एन.आर. मर्यादेच्या बराच वर गेलेला आढळला. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तातडीने लक्ष घातल्यामुळे पुढील अनर्थ टळला. दोष त्या कॅप्सूलचा, आम्ही दिलेल्या गुग्गुळकल्पाचा की दोहोंच्या संयोगाचा, हे आज निश्चित सांगता येणार नाही. आमच्या निष्काळजीपणाविषयी मात्र संदेह नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही या ‘ग्राही रोखणाऱ्या शर्करे’चा जमेल तेवढा अभ्यास केला. त्यातून जे हाती आले ते वैद्यबंधुभगिनींपुढे आणि औषधविक्रेत्या बांधवांपुढे ठेवणे हे आम्ही कर्तव्य समजतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे : पत्रकावरील विज्ञान खोटे नाही, परंतु ते अर्धे आहे. त्या अर्ध्या विज्ञानाच्या आधारावर औषध देणे वा विकणे रुग्णाला अपायकारक आहे आणि आपल्या शास्त्रालाही शोभणारे नाही.

शोथाचे द्वार कसे उघडते?

प्रथम मूळ विषय समजून घेऊ. रक्तातील श्वेतपेशी वेगाने वाहत असतात. शरीरात एखाद्या ठिकाणी आघात वा संसर्ग झाला की तेथील रक्तवाहिनीच्या आतील अस्तरावर काही प्रथिने प्रकट होतात. त्यांना सिलेक्टिन म्हणतात. पी-सिलेक्टिन पेशीत आधीपासून साठवलेले असते व काही मिनिटांत पृष्ठभागावर येते. ई-सिलेक्टिन नव्याने तयार व्हावे लागते, म्हणून त्याला काही तास लागतात. एल-सिलेक्टिन हे स्वतः श्वेतपेशीवरच असते. या तिन्ही प्रथिनांची जनुकीय ओळख १९८९ च्या सुमारास पटली. श्वेतपेशीच्या अंगावरील एका विशिष्ट शर्करासाखळीला सिलेक्टिन पकडते. पेशीचा वेग मंदावतो, ती भिंतीवरून गडगडत जाते, पुढे अन्य प्रथिनांच्या साहाय्याने थांबते आणि भिंतीतून बाहेर पडून शोथाच्या स्थानी पोहोचते. शोथाचा प्रारंभ असा शर्करा आणि ग्राही यांच्या भेटीने होतो.

या शर्करेचे महत्त्व कळण्यास आपल्या महाराष्ट्रातील एका शोधाची मदत होते. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक अपूर्व रक्तगट वर्णिला. तो आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर फ्यूकोज या शर्करेने पूर्ण होणारे ‘एच’ हे प्रतिजन नसते. एरवी त्या निरोगी असतात. मात्र १९९२ मध्ये इस्रायलमधील दोन बालकांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांचाही रक्तगट बॉम्बे होता, परंतु त्यांच्यातील दोष अधिक व्यापक होता; सर्वच पेशींवर फ्यूकोजचा अभाव होता. परिणामी सिलेक्टिनला पकडण्याजोगी शर्करासाखळी त्यांच्या श्वेतपेशींवर नव्हती, पेशी रक्तवाहिनीबाहेर पडू शकत नव्हत्या आणि ती बालके वारंवार गंभीर संसर्गाला बळी पडत होती. शोथाचे द्वार पूर्णपणे बंद झाले तर काय होते, हे निसर्गानेच येथे दाखवून दिले आहे. शोथ हा देहाचा केवळ शत्रू नाही, तो रक्षकही आहे.

सल्फेटयुक्त शर्करा म्हणजे काय?

सिलेक्टिनच्या पृष्ठभागावर धन विद्युत्भाराचा एक पट्टा असतो. शर्करेच्या लांब साखळीवर सल्फेट गट जडलेले असले की ती साखळी ऋणभारित होते आणि त्या पट्ट्याला चिकटते. एल-सिलेक्टिन ज्या नैसर्गिक शर्करेला ओळखते तिच्यावरही सल्फेट असते. म्हणून बाहेरून आलेली सल्फेटयुक्त शर्करा पाहुण्याचे सोंग घेऊन खरी जागा अडवते. हेपारिन हे पी- व एल-सिलेक्टिनला अडवते, ई-सिलेक्टिनला नाही, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. त्याच वर्षी उंदरांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवरील प्रयोगात तपकिरी शेवाळातील फ्यूकॉइडानमुळे श्वेतपेशींचे गडगडणे थांबल्याचे आढळले. पत्रकांचा आधार असतो तो हाच. तो खरा आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे वाटते. सल्फेट हा शब्द ऐकताच आपल्यापैकी काहींना गंधक आठवतो आणि गंधक रसायनाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. रसशास्त्रातील शुद्ध गंधक हे मूलद्रव्य आहे. कासीस व तुत्थ ही सल्फेटेच आहेत, परंतु तेथे सल्फेट धातूशी जोडलेले आहे, शर्करेशी नाही. नामसादृश्यावरून कर्मसादृश्य मानणे हे द्रव्यगुणशास्त्राला मान्य नाही.

दुसरे असे की भूमीवर वाढणाऱ्या वनस्पती सहसा सल्फेटयुक्त बहुशर्करा तयार करीत नाहीत. ती प्रामुख्याने सागरी शेवाळांची आणि प्राणिदेहांची निर्मिती आहे. मालवण-रत्नागिरीच्या किंवा गोव्यातील हणजुणेच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी जे तपकिरी सरगॅसम दिसते त्यात फ्यूकॉइडान असते. हेपारिन डुकराच्या आतड्यांपासून काढले जाते. कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्राण्यांच्या तरुणास्थीत असते. गुग्गुळ, शल्लकी, निर्गुंडी वा रास्ना यांच्या वेष्टनावर ‘सिलेक्टिन रोखणारे’ असे छापले जात असेल, तर ते निराधार आहे. ही द्रव्ये उपयुक्त आहेतच. पण त्यांची उपयुक्तता दुसऱ्याच्या उसन्या कारणाने सांगण्याची गरज नाही.

आपल्या गुळवेलीचेच उदाहरण घ्या. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी गुळवेलीतून अरॅबिनोगॅलॅक्टन प्रकारची एक बहुशर्करा वेगळी केली व १९९९ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यावर सल्फेट नाही. पुढील अभ्यासांत असे दिसले की ती टी.एल.आर.-४ या ग्राहीला रोखत नाही, उलट उद्दीपित करते. जिवाणूंचे अंतर्विष ज्या ग्राहीला चेतवते तोच हा ग्राही. तरीही ही शर्करा आधी दिलेले उंदीर नंतरच्या अंतर्विषाच्या आघातातून वाचले. म्हणजे एका स्थितीत चेतवणारे द्रव्य दुसऱ्या स्थितीत संरक्षक ठरले. ‘शर्करा ग्राहीवर बसते’ एवढ्या माहितीवरून ती शोथ शमवील की वाढवील, हे सांगता येत नाही. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमधील यकृतविकाराचा वृत्तान्त २०२१ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाला. वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने त्यावर घेतला. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु रुग्णप्रकृती न पाहता घरोघर काढे वाटले गेले, हे आपणही नाकारू शकत नाही.

शमन करणारेच प्रकोप करते

सल्फेटयुक्त शर्करा शोथ शमवतेच, असे मानणाऱ्यांना आम्ही आपल्याच पदव्युत्तर प्रबंधांचे स्मरण देऊ इच्छितो. शोथहर द्रव्याची परीक्षा करण्यासाठी उंदराच्या पंजात कॅराजीननचे इंजेक्शन देऊन सूज निर्माण करण्याची पद्धत १९६२ पासून रूढ आहे. आयुर्वेद महाविद्यालयांतील कितीतरी प्रबंध याच पद्धतीवर उभे आहेत. हे कॅराजीनन म्हणजे काय? लाल सागरी शेवाळातील सल्फेटयुक्त बहुशर्करा! जी शर्करा सूज उत्पन्न करण्यासाठी आपण स्वतः प्रयोगशाळेत वापरतो, तिच्याच कुळातील दुसरी शर्करा सूज उतरवण्यासाठी डोळे मिटून विकणे हा विरोधाभास कोणाच्याच लक्षात येऊ नये, याचे आश्चर्य वाटते.

याहून दारुण उदाहरण २००८ सालचे आहे. अमेरिका व जर्मनीत हेपारिनची इंजेक्शने दिल्यावर अनेक रुग्णांचा रक्तदाब एकाएकी कोसळला, कित्येक दगावले. शोधाअंती कच्च्या मालात अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची भेसळ आढळली. रक्त न गोठण्याच्या नेहमीच्या चाचणीत ती हेपारिनसारखीच वागत असल्यामुळे ती पकडली गेली नव्हती. या भेसळीने रक्तातील कॅलिक्रीन जागृत केले, त्यातून ब्रॅडिकायनिन हे दाहकारक द्रव्य निर्माण झाले. द्रव्य एकाच जातीचे, केवळ सल्फेटांची संख्या व स्थाने वेगळी; परिणाम मात्र प्राणघातक. संस्कारो हि गुणान्तराधान, हे आपल्याला नव्याने शिकवावे लागू नये. भेसळ ओळखणारी परीक्षा द्रव्याच्या नेमक्या स्वरूपाला स्पर्श करणारी हवी, हा यातील धडा प्रत्येक औषधनिर्मात्यासाठी आहे.

परीक्षानळीपासून रुग्णापर्यंत

आता मुख्य प्रश्न. समजा, ग्राही रोखला जातो; म्हणून रुग्ण बरा होतो का?

चरकसंहितेच्या शारीरस्थानात अस्थीचे आप्यायन तरुणास्थीने होते, असा विचार आहे. कॉन्ड्रॉइटिनचे विक्रेते याचा मोठ्या हौसेने दाखला देतात. परंतु तो विचार धातुपोषणाचा आहे, अग्नी व स्रोतसांच्या अवस्थेला बांधलेला आहे. सुटे रसायन गिळण्याला दिलेले ते प्रमाणपत्र नव्हे. प्रत्यक्ष परीक्षा झाली तिचा निकाल २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या संधिविकाराच्या १,५८३ रुग्णांवर ग्लुकोसामीन, १,२०० मिलिग्रॅम कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, दोहोंचा संयोग, एक वेदनाशामक आणि निष्क्रिय गोळी यांची तुलना केली गेली. एकूण रुग्णांत कॉन्ड्रॉइटिन निष्क्रिय गोळीहून लक्षणीय सरस ठरले नाही. मध्यम ते तीव्र वेदनेच्या एका छोट्या गटात संयोगाने लाभ दिसला, एवढेच. २०१९ मध्ये अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने गुडघा व खुबा यांच्या विकारात कॉन्ड्रॉइटिन देऊ नये, अशी स्पष्ट शिफारस केली.

दुसरे उदाहरण आपल्या मातीतील रोगाचे आहे. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर येथील आदिवासी बांधवांना सिकलसेलच्या असह्य वेदनांचे झटके येतात. विळ्याच्या आकाराच्या पेशी पी-सिलेक्टिनच्या साहाय्याने रक्तवाहिनीला चिकटतात, हे त्या वेदनेचे एक कारण आहे. तेव्हा सल्फेटयुक्त शर्करेने तो ग्राही अडवावा, ही कल्पना किती सुसंगत! हेपारिनपासून रक्त पातळ करण्याचा गुण बराचसा काढून टाकलेले सेव्हुपॅरिन हे द्रव्य शिरेवाटे देऊन पाहण्यात आले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : वेदनेचा झटका लवकर ओसरला नाही. तिन्ही सिलेक्टिनांना लक्ष्य करणारे रिव्हिपॅन्सेल हे कृत्रिम द्रव्यही २०१९ मध्ये अंतिम परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. कारणमीमांसा निर्दोष, द्रव्य शुद्ध, मार्ग शिरेचा. तरीही रुग्णाला अपेक्षित आराम नाही. मग मुखावाटे घेतलेली, जठर-आतड्यांतून अत्यल्प शोषली जाणारी शेवाळाची कॅप्सूल तेच कार्य हमखास करील, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

आणि शोषण अत्यल्प म्हणून धोकाही नाही, असे समजणे चुकीचे आहे. ग्लुकोसामीन-कॉन्ड्रॉइटिन घेणाऱ्या वॉर्फरिनच्या रुग्णांत आय.एन.आर. वाढल्याच्या नोंदी आहेत. लाकडातील झायलान या शर्करेला कारखान्यात सल्फेट जोडून केलेले पेंटोसन पॉलिसल्फेट मूत्राशयाच्या वेदनेसाठी मुखावाटे दिले जाते. तेही फार थोडे शोषले जाते. तरीही दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या दृष्टिपटलावर विकृती होत असल्याचे २०१८ मध्ये प्रथम लक्षात आले. म्हणजे औषध बाजारात येऊन दोन दशके उलटल्यावर.

शोथ या शब्दाची मर्यादा

आधुनिक वैद्यकातील इन्फ्लमेशनसाठी आपण सरसकट ‘शोथ’ शब्द वापरतो आणि तेथेच अर्धा घोटाळा होतो. चरकांचा शोथ हृदय, वृक्क, यकृत यांच्या विकारांतील सर्वांगशोथालाही कवेत घेतो. तेथे सिलेक्टिनचा संबंध गौण आहे. सुश्रुतांचा व्रणशोथ आम, पच्यमान आणि पक्व अशा अवस्थांतून जातो. तो आधुनिक कल्पनेच्या अधिक निकट आहे. आणि तेथेही अवस्थेनुसार चिकित्सा बदलते. आमावस्थेतील उपाय पक्वावस्थेत चालत नाही. सर्व अवस्थांत, सर्व रुग्णांत एकच ग्राही अडवून ठेवावा, हा विचार आपल्या अवस्थाविचाराशी विसंगत आहे. नव्या विज्ञानाचे शब्द आपण जरूर घ्यावेत. ते घेताना आपला विवेक मात्र गहाण टाकू नये.

आमच्या काही सूचना

वैद्यबंधूंना आमची विनंती आहे की पन्नाशीपुढील प्रत्येक रुग्णाला रक्त पातळ करणाऱ्या औषधांविषयी दर भेटीत विचारावे. केवळ पहिल्या भेटीत विचारून भागत नाही. आमची चूक नेमकी तीच झाली. वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन चालू असलेल्या रुग्णाला सागरी शेवाळाचा अर्क वा कॉन्ड्रॉइटिन त्याच्या मूळ चिकित्सकाला विचारल्याखेरीज देऊ नये. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी अशा सर्व गोष्टी थांबवण्याविषयी शल्यचिकित्सकाला कळवावे.

औषधविक्रेत्या बांधवांना सांगावेसे वाटते की गुलमंडी-औरंगपुऱ्यातील ग्राहक तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून वस्तू नेतो. यांतील बहुतेक उत्पादने औषध म्हणून नव्हे, तर अन्नपूरक म्हणून परवानाप्राप्त असतात. २०१६ च्या केंद्रीय नियमावलीनुसार अशा वस्तूंवर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. वेष्टनावर जे छापण्यास बंदी आहे ते गल्ल्यावरून तोंडी सांगणेही उचित नव्हे. पुरवठादाराकडून प्रत्येक घाण्याचे विश्लेषणपत्र मागावे, आणि शेवाळजन्य वस्तूंबाबत जड धातू व आयोडीन यांचे प्रमाण आवर्जून पाहावे. थायरॉइडच्या रुग्णाला आयोडीनयुक्त शेवाळ नकळत देणे हा वेगळाच अपाय आहे.

अपाय झाल्याची शंका आली तर तो लपवू नये. आयुष औषधांसाठी राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम आहे व नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था त्याचे समन्वय केंद्र आहे. आमच्या रुग्णाची नोंद आम्ही, आमच्या गुग्गुळकल्पासह, पाठवली. नाव खराब होईल ही भीती आम्हालाही वाटली. पण नोंद न पाठवता स्वस्थ बसलो असतो तर पुढच्या रुग्णाचा भार आमच्यावर आला असता.

सागराच्या पोटात औषधे नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. शंख, प्रवाळ, मौक्तिक, समुद्रफेन आपण शतकानुशतके वापरत आलो आहोत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने शेवाळापासून सांधेदुखीवरील उत्पादन विकसित केले, हेही अभिमानास्पद आहे. उद्या एखादी सल्फेटयुक्त शर्करा, योग्य मात्रेत, योग्य अवस्थेत, खरोखर गुणकारी ठरली तर तिचे स्वागत आपण करूच. तोवर मात्र पत्रकातील एका वाक्यावर विसंबून ‘हरकत नाही’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ते शिक्षक आजही आमच्याकडे येतात. गुडघे पूर्वीसारखेच कुरकुरतात. स्नेहन, स्वेदन आणि नेमस्त व्यायाम चालू आहे. प्रत्येक भेटीत ते न विचारता आय.एन.आर.चा कागद पुढे ठेवतात आणि आम्ही तो वाचल्याशिवाय लेखणी उचलत नाही.